नेच्याच्या दगडावरचे वण

मी मूळचा कुंभारी गावचा. बहात्तरच्या दुष्काळात बाप खडी फोडाय जायचा, आन् मी सातवी शिकलेलो म्हणून हितं सोलापुरात कॉलेजात शिपाई लागलो, वनस्पतिशास्त्राच्या खात्यात. काय सांगू तुमाला, पयल्याच दिवशी सरांनी दगडांचं कपाट पुसाय लावलं. बाप म्हणाला, आमी दगड फोडतोय, तू पुसत बस. त्या कपाटातले दगड म्हंजी झाडावानी उंच वाढणारा नेचा म्हणं, लई जुना, दगड झालेला. पान गळलं की खोडावर वण ऱ्हातो, पपईच्या खोडावर ऱ्हातो तसा. एका जातीत वणांच्या दोनच ओळी, समोरासमोर, आन् दुसरीत वण खोडाभवती फिरत गेलेले. एवढाच फरक. पोरं वर्सभर घोकत्यात, मला पुसता पुसता कळला.

आता चूक माझीच, झाकत न्हाय. खंडेनवमीला अवजारं धुऊन पुजत्यात की न्हाय? मी सूक्ष्मदर्शक पुजले, कात्र्या पुजल्या, म्हटलं दगडांनी काय पाप केलंय, त्यांस्नी बी बादलीत आंगूळ घातली. नावाच्या चिठ्ठ्या खळीनं चिकटवलेल्या, सगळ्या सुटून पाण्यावर आल्या. सर लई तापले. मी वण बघून जोड्या लावून दिल्या, तर म्हणं तू मला शिकवतोस व्हय, आन् सोताच घाईघाईत ह्याची त्याला आन् त्याची ह्याला चिकटवली. तीनदा सांगितलं, सर, ओळी मोजा की. शिपायाचं कोण ऐकतंय.

मग परीक्षा आली. चिठ्ठ्यांवर कागद डकवलेला, बाहेरगावचे परीक्षक बसलेले. अक्कलकोटकडची एक पोरगी, घरात कानडी बोलणारी, तिनं वण बघून बरोबर लिवलं. सरांनी कागद उचलून चिठ्ठी बघितली आन् काट मारली. पोरगी रडाय लागली, नापास झाली तर घरचे लगीन लावून मोकळे होणार हुते. माझं डोस्कंच फिरलं. दगड उचलला, परीक्षकांपुढं ठेवला आन् म्हटलं, सायेब, चिठ्ठी ऱ्हाऊ द्या, ओळी मोजा.

त्यांनी मोजल्या. पोरगी पास झाली, आन् म्हैन्याच्या आत माझी रवानगी फाटकावर. सरांनी चिठ्ठ्या बदलल्या, पण कुणी पाव्हणं आलं की सांगत्यात, चूक म्हणं त्यांनीच शोधली. सांगा बाबा. आता मी हितं येणाऱ्याजाणाऱ्याला हटकत बसतो, दगडांना हात लावाय मिळत न्हाय, त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. ती पोरगी आता शाळेत शिकवतीया. मागल्या म्हैन्यात आली, पाया पडाय वाकली. म्हटलं, ऊठ बाई, सुखी ऱ्हा, आन् तुज्या पोरांस्नी आदी दगड बघाय लाव, चिठ्ठी मागनं.