तिसऱ्या परीक्षकाची चिठ्ठी

(जबलपूर. महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा अंतिम सामना नुकताच संपला आहे. स्टेडियममागच्या खोलीत दोन परीक्षक : निवृत्त क्रीडाशिक्षक अच्युत आणि त्यांची जुनी विद्यार्थिनी विनता. बाहेर बक्षीस समारंभाची तयारी चालू आहे.)

विनता : नाही सर, चोवीस पॉइंट मलाही दिसून राहिले ना! पण सगळ्यात जास्त पॉइंटचा कप प्रतिमाला मिळतोच आहे. हा सन्मान वेगळा. नाव काय याचं? 'सर्वांत मोलाची खेळाडू.'

अच्युत : दर सामन्याला सरासरी चोवीस, विनता. इंदूरच्या संघातून प्रतिमाला काढ. काय उरतं?

विनता : आणि जबलपूरच्या संघातून कुंदाला काढल्यावर काय उरतं ते तर पाहिलंच आपण. पहिले चार सामने ती नव्हती, चारही हरलो. ती आली अन् दहापैकी नऊ जिंकलो. आजची फायनल धरून.

अच्युत : चार सामने नव्हती, हेच तर मी म्हणतो आहे. प्रतिमा चौदाही सामने खेळली.

विनता : कुंदाला कोणी घेतलंच नव्हतं सर. एकतीस वर्षांची, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली. हरायला लागले तेव्हा धावत गेले तिच्याकडे.

अच्युत : तिचे सरासरी पॉइंट नऊ. नवाला सन्मान दिला तर लोक विचारतील.

विनता : विचारू द्या ना. मी स्कोअरच्या टेबलाशी बसून मोजलंय. तिच्या पासवर दर सामन्याला आठ-आठ बास्केट पडल्या आहेत. आपल्या टीममधल्या त्या अनसूयाला गेल्या वर्षी कोणी ओळखत होतं का? कुंदा तिला अशा जागी बॉल देते की पोरीला फक्त हात वर करायचा असतो. अन् आज प्रतिमाला कोणी धरलं होतं? चोवीसवाली अकरावर थांबली.

अच्युत : थकली होती प्रतिमा.

विनता : थकवलं कोणी? शाळेत तुम्हीच सांगायचे ना, बॉल हातात नसताना खेळाडू काय करते ते पाहा म्हणून? अन् आता तुम्हीच स्कोअरबोर्ड वाचून राहिले. काहून, सर?

अच्युत : तू 'कुंदा' म्हणून मोकळी होतेस. मला 'माझी मुलगी' म्हणावं लागतं.

विनता : अच्छा. म्हणजे खेळाचा प्रश्नच नाही हा.

अच्युत : मी या समितीत आलो तेव्हा ती कुठल्याच संघात नव्हती. तिला घेतलं त्याच दिवशी मी राजीनामा घेऊन समितीच्या अध्यक्षांकडे, मुरलीधरजींकडे गेलो. म्हणाले, हंगामाच्या मध्ये परीक्षक बदलता येत नाही. मला वाटलं, ती कुठे इतकी खेळणार आहे. नावच येणार नाही तिचं.

विनता : मग आज मत देऊ नका. कोरी चिठ्ठी द्या.

अच्युत : तोही विचार केला. तू कुंदाचं नाव लिहिलंस, मुरलीधरजींनी प्रतिमाचं. मी कोरी दिली की बरोबरी. बरोबरीत अध्यक्षांचं मत चालतं, आणि अध्यक्ष तेच. त्यांचाही दोष नाही. त्यांना खरंच प्रतिमा वाटते. म्हणजे मी बाजूला झालो तरी तेच होणार.

विनता : मग एकच रस्ता राहिला. लिहा कुंदा.

अच्युत : आणि उद्या सगळ्या सराफा बाजारात बोलतील, बापानं दिलं. जिंकलेले नऊ सामने कोणाला आठवणार नाहीत. माझी चिठ्ठी तेवढी आठवेल.

विनता : मी दहावीत होते तेव्हाही हेच म्हटलं होतं तुम्ही. शाळेच्या टीममध्ये बारा जणी घेतल्या. कुंदा नाही.

अच्युत : तू होतीस त्या बारांत.

विनता : होते. अन् तिच्यापेक्षा चांगली नव्हते. तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं. ती बाहेर बसून आमच्या बाटल्या भरून देत होती, सर.

अच्युत : ...पेन दे.

विनता : हे घ्या. नीट विचार करून लिहा.

अच्युत : विचार करून थकलो. घे. घडी नको उघडू.

विनता : घडी काय उघडायची? तुमचा चेहराच सांगून राहिला. सर, पाच मिनिटं थांबा ना. आधी कुंदाला भेटून घ्या.

अच्युत : काहून?

विनता : काहून म्हणजे... मी शब्द दिला आहे तिला. मला नाही सांगता येत. तुम्ही फक्त भेटा.

अच्युत : आता भेटलो तर लोक आणखी बोलतील. जा, नेऊन दे.

विनता : चलो. देऊन येते.

कुंदा : बाबा? एकटेच बसलात? बाहेर सगळे तुम्हाला शोधून राहिले.

अच्युत : ये कुंदा, बस. छान खेळलात सगळ्या. हे... गुडघ्याला बर्फ काय बांधलाय?

कुंदा : काही नाही, थोडी सूज आहे.

अच्युत : थोडी? उभं राहता येत नाहीये तुला. दाखव इकडे. देवा! हा पाय घेऊन खेळलीस आज?

कुंदा : इंजेक्शन घेऊन खेळले. आता त्याचा असर उतरतोय.

अच्युत : डॉक्टर काय म्हणाले?

कुंदा : तीन आठवडे झाले त्याला. म्हणाले, बस, हो गया. ही शेवटची लीग. यानंतर खेळलात तर चालणंही कठीण होईल. फक्त विनतादीदीला सांगितलं होतं.

अच्युत : मला नाही सांगितलंस.

कुंदा : तुम्ही परीक्षक होतात ना. तुम्हाला सांगितलं असतं तर वाटलं असतं, मी चिठ्ठीसाठी सांगतेय.

अच्युत : मग पुढे काय करणार आहेस?

कुंदा : लीगच्या अकादमीत कोच व्हायचं होतं. ज्या खेळाडूला हा सन्मान मिळेल तिला ती जागा, असं लीगनं सांगितलंय ना? तेवढ्यासाठीच ओढत आणला पाय.

अच्युत : थांब. विनता आत्ताच गेली आहे. मी जातो, चिठ्ठी परत मागतो...

कुंदा : बसा बाबा. ऐका, माइकवर नाव घेऊन राहिले. ...प्रतिमा. अच्छा. चांगली खेळते ती, बावीसचीच तर आहे. कोचची जागा घेणारही नाही. तिला अजून आठ-दहा वर्षं खेळायचंय.

अच्युत : मग ती जागा तुला...

कुंदा : मला कशी? तिनं नाही घेतली तर बाहेरून कोणी आणतील. मी विचारून आले होते.

अच्युत : कुंदा, यंदा सगळ्यांत चांगली तूच होतीस. बाप म्हणून नाही सांगत. तीस वर्षं पोरी शिकवल्या, असा खेळ नाही पाहिला. तुझा पास सुटायच्या आधी मला कळायचं कुठे जाणार, तरी दर वेळी श्वास अडकायचा.

कुंदा : हे चिठ्ठीवर लिहायचं असतं ना, बाबा. ...रडू नका. प्लीज. मला नाही पाहवत. छोडो ना, मी काही बोलले नाही.

विनता : कुंदा, तू इथे आहेस होय! सगळ्या टीमला स्टेजवर बोलावलंय, फोटोसाठी. सर... तुम्ही पाहिलं का तिचा पाय?

अच्युत : पाहिला.

विनता : मी म्हटलं होतं ना, पाच मिनिटं थांबा.

कुंदा : दीदी, त्यांना काही बोलू नका. उठायला मदत करा फक्त.

अच्युत : माझा हात धर, कुंदा. मी नेतो तुला स्टेजपर्यंत.

कुंदा : नको. दीदी आहे ना. बाहेर सगळे उभे आहेत, आपल्याला सोबत पाहून काही ना काही बोलतील. तुम्ही थोडं मागून या, बाबा.