दालचिनी रंगाचा बूट

नाही, नाही, पुसत नव्हतो, त्र्यंबकराव — तुमचा बूट माझ्या हातात दिसला म्हणून तुम्हाला — साहजिक आहे, मुलीच्या बापानं मुलाच्या वडिलांचं पायताण हातात घेतलं, तेही मुलगी पाहायला आलेले असताना — लाचार वाटलो असेन. तसं नाही हो. बसा ना, चहा होतोय. तुम्ही आत आमच्या उत्तराशी बोलत होतात, मी आपला पान आणायला निघालो, आणि दारात हा जोड — आता कसं सांगू — डावा उजव्यापेक्षा कणभर गडद आहे. तुम्हाला नाही दिसायचं. कुणालाच दिसत नाही. पाठीचं चामडं रंग कमी पितं, पोटाचं जास्त, म्हणून तोच रंग दोनदा कालवावा लागतो, एकदा दाट, एकदा — काय म्हणालात? मला कसं ठाऊक?

ठाऊक म्हणजे — गिरणीत रंगाचंच काम ना, त्यामुळे — हो, कापडगिरणीत साड्यांचे रंग ठरवतो, असं मध्यस्थ म्हणाले तुम्हाला. मीच सांगितलं होतं त्यांना तसं. नाही, त्र्यंबकराव, आता काय लपवू, बूट हातात घेऊन उभा आहे मी. बुटांच्या कारखान्यात आहे. अकरा वर्षं झाली. पण शिवत नाही हो, कातडं कमावत नाही — टेबलाशी बसतो, डोक्यावर पंखा आहे. लढाईत काळा आणि तपकिरी, दोनच रंग, लष्कराचे बूट ना — आता लोकांना निरनिराळं लागतं, ते मी ठरवतो. हा तुमचा रंग माझा आहे. दुकानात दालचिनी म्हणतात. तीन महिने जमत नव्हता, लाल तरी व्हायचा नाहीतर काळा. शेवटी उत्तरानंच डब्यातली दालचिनी काढून तुकड्याशेजारी धरली, म्हणाली, अण्णा, यात पिवळा कमी आहे. नजर आहे तिला, माझ्याहून चांगली. रविवारी मी तुकडे घरी आणतो, ती खिडकीत वाळत घालते आणि —

हो. चामड्याचेच तुकडे.

हात धुते हो ती. साबणानं धुते, मगच स्वयंपाकघरात जाते. तुमच्या मातोश्रींचं सोवळं कडक आहे, ठाऊक आहे मला, ती शिकेल सगळं, आजपासून तुकडे बंद. नोकरीही सोडली असती, गिरण्यांत दोनदा अर्ज केले, या वयात कोण घेणार — आणि खरं सांगू का, मला आवडतं ते काम. हेच बूट घालून तुम्ही कचेरीत जाता, देवळाच्या पायरीपर्यंत जाता, तेव्हा तर — नाही, वाद नाही घालत. माझी काय प्राज्ञा.

हा घ्या. दुसरा तिथे आहे, उंबऱ्यापाशी. एकच विनंती आहे. आत ती चहा गाळतेय, तुम्ही हसून बोललात म्हणून तिला वाटतंय जमलं. सकाळीच म्हणाली होती, अण्णा, आज कामाचं काही बोलू नका. माझ्याच तोंडून गेलं हे तिला कळू नये. नकाराच्या पत्रात दुसरं काही लिहू नका, पत्रिका जुळत नाही एवढंच लिहा. ग्रहांवर कुणाला रागावता येत नाही.

निघा आता, कल्याणची गाडी चुकेल. चहाचं मी सांगतो तिला काहीतरी.