भिंतीपलीकडचं रांजण

अहो, ते झाड तोडावं म्हणून अर्ज केला, त्यावर पहिली सही माझीच! आमच्या काळाचौकीच्या चाळीला बंद गिरणीची भिंत लागून आहे, तिच्या पलीकडचं झाड. पाला सगळा माझ्या गॅलरीत. मला वाटायचं, चिकूच आहे, फळं खुरटलेली.

बाकीच्यांच्या सह्या घ्यायला निघाले, तर एक मुलगी भिंतीच्या खिंडारातून आत शिरून खोडाला टेप लावत होती.

"कोण गं तू? कुणाकडे आलीस?"

"काकी, मी रानफळांच्या झाडांची नोंद करते. हे रांजण आहे, चिकूच्याच कुळातलं रानफळ! इतके दिवस फिरतेय, या भागात हे एकच सापडलं. कुणी लावलं?"

सगळ्या चाळीची खबर ठेवणारी मी, मला हे ठाऊक नव्हतं. वर गॅलरीत शेजारची मालवणी म्हातारी आये बसली होती, तिला विचारलं.

"लावतलो कोण? गिरणीच्या संपात आमचे हे गावाक जावन रांजणा घेवन इले. घरात दुसरा काय खावक नव्हता. हंयच बसान खायत, नि बियो मालकाच्या नावान भिंतीपलीकडे थुकत!"

मुलीने ते वहीत उतरवून घेतलं. गिरणी गेली, आयेचे यजमान गेले, आणि ती बी तीन मजले चढून आमच्या गॅलरीपर्यंत आली होती.

खाली पडलेली चार रांजणं मी त्याच अर्जात गुंडाळून आयेला नेऊन दिली. तिने एक तोंडात टाकलं, चघळलं, आणि नेम धरून बी भिंतीपलीकडे थुंकली.