वाटूर फाट्यावरची बॅटरी

त्या काळी आमच्याकडे वस्त्यांवर वीज नव्हती. टीव्ही ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चाले. वाटूर फाट्यावर एसटीची वाट पाहत मी भुजंगच्या बॅटरी चार्जिंगच्या दुकानात टेकले होते. तेवढ्यात एक म्हातारी डोक्यावर बॅटरी घेऊन आली.

“भुजंगा, जल्दी भरून दे. सांजच्या गाडीनं नेते.”

“न्हाई व्हायची, झुंबरमावशी. उद्या ये.”

“करंट वाढव की!”

“अँपिअर वाढवले की आतल्या प्लेटा खराब होत्यात. व्होल्ट म्हंजी टाकीची उंची, अँपिअर म्हंजी नळाची धार. धार हळूच सोडावी लागती.”

“मला शाळा नको शिकवू.”

“लोकायची आठवडाभर जाती. तू परवाच भरून नेल्ती. दर बारी पार रिकामी करती, अशानं मरंल ती. एवढं काय पाहून राह्यली?”

“पाहत न्हाई. नुसती चालू ठिवते.”

“कार्यक्रम संपल्यावर तर खरखरच येती.”

“तीच. बाहीर ओट्यावर बसलं, की आत कोनीतरी फोडणी देऊन राह्यलंय असं वाटतं.”

भुजंगनं बॅटरीला चिमटे लावले.

“घरी जा, मावशी. उद्याच भरंल बराबर.”

“मंग उद्यापोत्तर मी इथंच बसते.”