वळवलं की कर्रर्र

...अन् मी म्हणतो, बिघडायचंच होतं तर इंजिन बिघडायचं, ब्रेक जायचे, माणूस छातीठोक सांगतो तरी, गाडी बंद हाय म्हणून. आमची गाडी बंदबी न्हाई अन् धडबी न्हाई... सरळ चालली की गुपचूप, वळवलं की कर्रर्र.

तुम्हाला सांगतो, उदगीरात माझं किराणा दुकान. गल्लीत वळलो की लोक न बघता म्हणतात, 'गुरुपादप्पा आले.' त्यात ह्यो दुष्काळ. नळ कोरडे पडले अन् आमची शिवकांता माहेरी गेली, नांदेडजवळ विष्णुपुरीला, भावाकडं. भांडून न्हाई हो, पाण्यापायी. आता टँकर यायलाय, कसंबसं भागतंय, ये म्हणलं तर म्हणती, 'गाडी घेऊन या, एसटीनं न्हाई यायची मी.' म्हणलं, बाई, गाडी आवाज करतीय. ती म्हणती, 'करतीय का? बरं.' ह्या 'बरं'ची लई भीती वाटते मला. घर खायला उठतंय हो, खरं सांगतो.

शंकरप्पा मिस्त्रीकडं नेली. त्यो खाली झोपला, मला स्टेअरिंग फिरवायला लावलं... कर्रर्र. म्हणला, 'कुठलंतरी रबर वाळलंय आप्पा. एकेकावर पाणी मारायचं, ज्याच्यावर मारलं की आवाज थांबंल, ते बदलायचं. आणा तांब्याभर.' आता पाणी कुठलं आणू? घरात उरलेलं लिंगपूजेपुरतं, देवाला कोरडं ठेवून गाडीला न्हाऊ घालू? म्हणलं तेल मार. 'तेलानं रबर फुगतंय.' मग सगळीच बदल. 'सामान मिळत न्हाई हितं. उदगीर जिल्हा होऊ द्या, मग मिळंल.' ह्या जिल्ह्याची वाट बघून बघून माझे केस गेले. शेवटी त्योच म्हणला, 'सासुरवाडीला बोअर हाय न्हवं? तिथं बघा मारून.'

निघालो. नांदेडपर्यंत तेच, सरळ चालली की गुपचूप, वळवलं की कर्रर्र. पोचलो तवा शिवकांता आत न्हात होती, तिनं कायबी ऐकलं न्हाई. मी चहाला टेकलो, तर बाहेर सू-सू आवाज. बघतो तर मेहुणा, मन्मथ, पाइप लावून गाडी धुवायलाय... वरून, खालून, चाकाच्या आतून! 'दाजी, किती धूळ ती.' पाव्हण्याचा मान करतोय बिचारा, थांब कसं म्हणावं? मी आपला वाहून चाललेलं पाणी तांब्या-तांब्यानं मोजत बसलो.

तेवढ्यात ही बाहेर आली, हातात बॅग, भरलेली. म्हणली, 'ऐकवा बघू आवाज.'

फिरवलं. इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं... शांत. सगळी रबरं चिंब, बोलणार कोण? म्हणलं, थांब, वाळू दे. 'वाळंपर्यंत दुसरं कारण सापडंल तुम्हाला,' म्हणली. 'गाडी धड हाय. मीच नको होते, असं सांगायचं सरळ.' अन् डोळ्याला पदर लावून बॅग घेऊन आत. मन्मथ पाइप धरून उभा. दुकान उघडायचं होतं, मी एकटाच परत फिरलो.

कंधारच्या अलीकडं वळण आलं. ऊन चांगलंच लागलेलं... कर्रर्र. तुम्हाला सांगतो, मला रडूच आलं आनंदानं. गाडी कडंला घेतली, फोन लावला, म्हणलं ऐक, अन् फोन दारातून खाली चाकाकडं धरून एका हातानं स्टेअरिंग फिरवलं. वळवलं की कर्रर्र, वळवलं की कर्रर्र.

ती म्हणली, 'हाव, ऐकू आलं. चुकलंच माझं, उगं बोलले तुम्हाला.' लई गोड बोलली हो, कितीतरी दिवसांनी. म्हणलं, मग वळवू का गाडी, येऊ न्यायला?

म्हणली, 'असल्या गाडीत कोण बसंल? दुरुस्त करून या.'