तीन जोड्यांची मोटार

— शिंग सोडू नका, भगवंतराव! एक हात शिंगाला, एक येसणीला. बैल पाडलाय, पाय बांधलेत, पण मालकाचं ध्यान दुसरीकडं हाय हे जनावराला बरोबर कळतं. फोटू राहू द्या तिथंच, ऐरणीवर. दिसतोय मला. तोंडात खिळं धरलं व्हतं म्हणून बोललो न्हाई, न्हाईतर हा सत्तार नालबंद खुराला पत्री ठोकताना गप बसला असं कुणी ऐकलंय? हां, तर तुमचा सवाल काय? मोटार कंची, आन कुणाची. एवढंच ना? तेवढ्यासाठी म्हाळुंगे पडवळाहून नारायणगावच्या बाजाराला बैल हाकत आणला, पत्र्या बदलायच्या म्हणून — आन जुन्या पत्र्या तर अजून दिवाळी बघतील अशा! मी काय आंधळा हाय व्हय, राव? सरळ म्हणायचं, सत्तारभाई, पोरीला स्थळ आलंय, वारूळवाडीचं, पोराचा फोटू पाठवलाय, पोरगं मोटारीत बसलंय, आन बाजार उठायच्या आत त्याच्या चुलत्याला, हौशीरामाला, शबूद द्यायचाय. लाजता कशाला? पोरीचा बाप हायसा, चोर न्हाई.

आता मोटारीचं ऐका. सायब लोक मोटारीला विलायती नावं ठिवत्यात, आपली जीभ वळत न्हाई. आमी मोटार वळखतो जोड्यांवर. म्हंजी? म्हंजी मीना नदीच्या उतारात ती रुतली की बाहेर काढायला बैलांच्या किती जोड्या लागल्या, त्यावर! रुतती तर समदीच. एका जोडीची मोटार म्हंजी टांग्याची धाकटी बहीण, तिचं काय कवतिक न्हाई. दोन जोड्यांची जरा खाऊन पिऊन सुखी. एकदा सहा जोड्यांची आली व्हती — हसू नका, ह्या ऐरणीवर हात ठिवून सांगतो — बारा बैलांनी दम लावला, कासरं तुटायला आलं, मोटार जागची हलंना, नदीच हातभर अलीकडं सरकली. अजून तिथं वळण हाय नदीला. जाताना बघा.

आन ही? ही तीन जोड्यांची. बघा की — दिवं दोन, पितळी, परातीएवढं. टप मागं घडी घालून चामडी पट्ट्यानं आवळलेला. भोंग्याचा रबरी फुगा बाहेरच्या अंगाला. चाकाचं आरं लाकडी. आन चाकाचा रंग बघा, मधल्या तुंब्यापतुर काळा आन वर फिका. ती काय सावली न्हाई, पावणं, तो चिखल हाय, वला चिखल! फोटू पिवळा पडला तरी मीनेचा चिखल मी वळखतो. दिल्लीत दरबार भरला ना, त्या साली पुण्याचा एक गोरा सायब आला व्हता शिवनेरी बघायला, त्याची ही मोटार. झालं समाधान? पोराची न्हाई, पोराच्या बापाची न्हाई, चुलत्याची तर न्हाईच न्हाई.

आ आ, शिंग! उठू नका असं ताडकन, बैल माझ्या अंगावर घालता का काय? हौशीराम तुमाला काय म्हणला? ‘आमचा पुतण्या चांगदेव मोटार चालवतो.’ मग खोटं कुठं बोलला? त्या दिशी चांगदेवानंच चालवली की! म्होरं बैल वढत्यात, तर मोटारीचं हातातलं चाक कुणीतरी सरळ धराय पायजे का न्हाई? सायबाचा डायवर पाण्याला भ्यालेला, काठावर उभा, बूट हातात घिऊन. सायब म्हणाला, कोण बसतंय? चांगदेव धोतर खवून बसला. इंजान बंद, तोंडानं ‘हुर्र हुर्र’ करत, बैलांना हाका मारत मोटार चालवली बहाद्दरानं! सायबाला एवढी मज्जा वाटली की तिकाटणं उभं करून फोटू काढला, आन पुण्याहून टपालानं धाडला.

पण खरी गंमत पुढंच हाय. ही फोटूची कड बघा. इकडची सरळ, आन ही उंदरानं कुरतडल्यावानी. कातर लावलीय कुणीतरी. हा जाड नाडा बघा, मोटारीच्या म्होरल्या दांडीला बांधलेला, आन कडंला येऊन गायब. कुठं गेला नाडा? बैलांकडं गेला! हौशीरामानं मोटार ठिवली आन बैल काढून टाकलं! कुणाला फोटू दाखवायचा तर तुमाला, भगवंतरावाला — जो माणूस लगीनघरी गेला की नवरदेवाच्या आधी गोठा बघतो. त्या तीन जोड्यांतली म्होरली जोडी चांगदेवाची सोताची, खिलारी, घरी वाढवलेली. बाकी दोन जोड्या नावाला. वढलं तिनंच. अशी जोडी ह्या उतारावर मी पुन्हा बघितली न्हाई, आन माझ्याकडं रोज बैलच येत्यात, काय मोर न्हाई येत.

पोरगा? पोरगा चांगलाय, जरा येंधळा हाय. बघा, सायब म्हणतोय हिकडं बघ, समदी फोटूवाल्याकडं बघत्यात, आन ह्याची मान वळलीय काठाकडं. का? तर काठावर एक पोरगी उभी, धुण्याचं पिळं हातात घिऊन, आन अशी हसतीया, अशी हसतीया त्याच्या ‘हुर्र हुर्र’ला — आन ह्यानं वळून बघितलं तसं चाक फिरलं, मोटार पुन्हा चिखलात! निघालेली मोटार, राव! मीच वराडलो, पोरी, हसू नगस, बैलं शिणल्यात, तर आणखीनच हसाय लागली. तवापासनं चांगदेवाला मुली सांगून येत्यात आन हा नकाराची मान हलवतो. शेवटी चुलत्याला म्हणला, करीन तर म्हाळुंग्याची. आता कुणाची काय इचारता? तुमच्या इथल्या भणीकडं पाव्हणी आली व्हती न्हवं ती त्या पावसाळ्यात...

...

भगवंतराव, शिंग.

अहो, हसली म्हंजी काय, माणूस हसतंच की. मोटारीला हसली. बैलाला हसली आसंल. मला नीट दिसलं बी न्हाई, मी नाडा बांधत व्हतो... असं बघू नका माझ्याकडं. बोललं न्हाईत एकमेकांशी, अल्लाची आण. एक शबूद न्हाई. चांगलं चाललेलं स्थळ माझ्यापायी मोडलं तर ती लेकरं मला... काय? काय म्हणालात?

कुणी सांगितलं? पोरीनं, साळूनं? ‘बाबा, आधी सत्तारचाचाला फोटू दाखवा, मग ठरवा’ — असं म्हणली?

तिनं?

अरे रे रे. म्हंजी बापाला सोता सांगायची लाज, आन सांगितल्याबिगर ऱ्हावंना, म्हणून माझ्याकडं धाडलं! सत्तारकडं फोटू गेला की समदं भायेर येतं, हे तिला म्हाळुंग्यात बसून ठावं. आन तुमी हसताय? मगापासनं हसताय मनातल्या मनात? बैलाचं शिंग पिळत?

सोडा. झाली पत्री. उठवा त्याला. हौशीराम त्या तिकडं, धान्याच्या पालाशेजारी बसलाय, घाम पुसत. त्याला म्हणावं, मोटार राहू दे, आधी गोठा दाखव. आन साळूला सांगा... न्हाई. काय सांगू नका. जावा.