आडवा सात

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या शिंपीणबाईंच्या शेजारी जुनी कॉमिक्स जमवणारे दोघं हुज्जत घालत होते.

"माझा अंक परत द्या. मी नुसतं 'घेऊन जा' म्हणालो होतो."

"म्हणजे विकलाच की!"

"ना पैसे घेतले, ना लिहून दिलं."

"तुमच्या शब्दावर मी माझा फाटका अंक भाच्याला देऊन टाकला."

"तो मागून घ्या."

"आता नाही जमायचं. तुमच्या अंकातलं शब्दकोडं मी सोडवलं."

"पेन्सिलीनं ना?"

"पेनानं. राहवलंच नाही."

"अहो, चाळीस वर्षं कोरं ठेवलं होतं मी ते!"

शिंपीणबाईंचा नंबर पुकारला. त्यांनी मागच्याला पुढे जायला खुणावलं.

"सगळं सुटलं?" अंक मागणाऱ्यानं विचारलं.

"आडवा सात तेवढा राहिलाय."

"मनातल्या मनात सोडवताना मलाही तोच सुटत नाही... सुटला की फोन करा. मग अंक तुमचा."